किनाऱ्याची धूप कशी मोजावी आणि वाळूची भर कशी घालावी

समुद्र आत सरकू लागला आणि सुरूची झाडे मुळांसकट पुळणीवर आडवी झाली की गावातून पहिली मागणी होते ती दगडी बंधाऱ्याची. कोकणात असे धूपप्रतिबंधक बंधारे ठिकठिकाणी झाले आहेत, आणि जिथे घर, रस्ता किंवा गोड्या पाण्याची विहीर लाटांच्या तोंडाशी आली आहे तिथे दुसरा इलाज उरत नाही, हेही खरे आहे. परंतु बंधारा मागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही. त्याच्यावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू उचलून नेते, आणि जिथे बंधारा संपतो तिथून शेजारच्या वाडीची जमीन तुटू लागते. होड्या ओढायला, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे लावायला, मासळी सुकवायला आणि कासवांना अंडी घालायला जागा हवी असेल, तर तिथे वाळूच असावी लागते. ती गेली असेल तर परत आणून टाकता येते, आणि जगात अनेक ठिकाणी हे काम नियमितपणे होते. मात्र ती कुठे जाते हे समजल्याशिवाय टाकलेली वाळू बहुधा वाया जाते. म्हणून ग्रामपंचायतीने, मच्छीमार सोसायटीने किंवा किनाऱ्याजवळच्या महाविद्यालयाने हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे इथे मांडले आहे.

ऋतूचा बदल आणि खरी धूप वेगळी ओळखावी

पश्चिम किनाऱ्यावरची पुळण वर्षभर सारखी राहत नाही. जून ते सप्टेंबरच्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा तयार करतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की लांब, सपाट लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पुळण पुन्हा भरते. त्यामुळे ऑगस्टमध्ये काढलेला फोटो मार्चच्या फोटोशेजारी ठेवून किनारा खचल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी आणि सप्टेंबरची मागच्या सप्टेंबरशीच करावी. पुळण दर वर्षी उन्हाळ्यात आधीच्या उन्हाळ्यापेक्षा कमी भरत असेल, तर ती खरी धूप होय.

दुसरी खबरदारी उपग्रहचित्रांबाबत घ्यावी. गूगल अर्थवर जुनी चित्रे विनामूल्य पाहता येतात आणि ती अत्यंत उपयोगी आहेत, पण त्यांतली पाण्याची कड फसवी असते. पुळणीचा उतार वीस मीटरला एक मीटर असेल, तर भरतीच्या पातळीत केवळ एक मीटरचा फरक पडल्याने पाण्याची कड वीस मीटर पुढेमागे होते. मुंबईकडे उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, सिंधुदुर्गात तो साधारण त्याच्या निम्मा असतो. म्हणून पाण्याची कड न पाहता झाडोऱ्याची कड पाहावी, म्हणजे जिथे मर्यादवेल, केवडा किंवा सुरूचे बन संपते आणि उघडी वाळू सुरू होते ती रेषा. ही रेषा रोजच्या भरतीने हलत नाही. ती मागे सरकली असेल तर समुद्राने जमीन घेतलेली आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे. याचा अर्थ आपल्याकडे बराचसा किनारा स्थिर आहे, आणि म्हणूनच आपला किनारा नेमका कोणत्या गटात मोडतो हे गावाने मोजून सिद्ध करणे गरजेचे ठरते.

दोन काठ्यांनी पुळण मोजणे

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. अमेरिकी सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत आजही वापरली जाते, आणि क्षितिज उघडे असलेल्या आपल्या पश्चिमाभिमुख किनाऱ्याला ती फार सोयीची आहे. दीड मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीवर वरच्या टोकाला शून्य धरून खाली दर सेंटिमीटरला खूण करावी. काठी वाळूत रुतू नये म्हणून बुडाशी फळीचा छोटा तुकडा ठोकावा. दोन्ही काठ्या बरोबर दोन मीटर लांबीच्या, न ताणणाऱ्या दोरीने जोडाव्यात.

मोजणीची सुरुवात समुद्र पोहोचणार नाही अशा पक्क्या जागेपासून करावी. देवळाचा चौथरा, विहिरीचा कठडा, जुन्या धक्क्याची पायरी यांपैकी काहीही चालेल, मात्र त्यावर रंगाने खूण करून तिचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवावेत. तिथून किनाऱ्याला काटकोनात समुद्राकडे जाणारी रेषा ठरवावी आणि ती दर वेळी तीच राहील यासाठी मागे दोन ठळक खुणा एका ओळीत धराव्यात. मोजणी अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी पुरती लागण्याच्या थोडे आधी सुरू करावी, म्हणजे पुळण जास्तीत जास्त उघडी सापडते आणि शेवटचे दोन-तीन टप्पे गुडघाभर पाण्यात जाऊन घेता येतात.

एक काठी खुणेपाशी आणि दुसरी दोरी ताणून समुद्राच्या बाजूला उभी धरावी. जमीन समुद्राकडे उतरत असेल, तर जमिनीकडच्या काठीमागे उभे राहून समुद्राकडच्या काठीचे वरचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणावे, आणि ती रेषा आपल्या जवळच्या काठीला जिथे छेदते तिथला आकडा वाचावा. तेवढ्या सेंटिमीटरने जमीन खाली गेली. मध्ये कुठे वाळूचा उंचवटा आल्यामुळे जमीन चढत असेल, तर उलट जवळच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवावे आणि आकडा पुढच्या काठीवर वाचावा. तेवढी जमीन वर आली. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणून पुढचा टप्पा घ्यावा. दोघांनी काठ्या धराव्यात आणि तिसऱ्याने अंतर, चढ किंवा उतार आणि जमिनीचे वर्णन, जसे ओली वाळू, शिंपल्यांचा थर, वेलीची कड, असे लिहीत जावे. पृथ्वीच्या गोलाईमुळे प्रत्येक टप्प्यात एक-दोन मिलिमीटरची चूक येते, पण ती दर वेळी जवळपास सारखीच येत असल्याने तुलनेला बाधा येत नाही. धुरकट हवेमुळे क्षितिज दिसत नसेल, तर गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी वापरावी.

एका रेषेवर समाधान मानू नये. आपल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरी सडे, म्हणजे समुद्रापर्यंत आलेली खडकाळ पठारे, किंवा एक सडा आणि एक खाडी यांच्यामध्ये वसलेल्या आहेत, आणि अशा पुळणीवर लाटांची दिशा बदलली की वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. केवळ उत्तर टोकाला मोजणाऱ्याला धूप दिसेल आणि त्याच वर्षी दक्षिण टोकाला मोजणाऱ्याला भर दिसेल. प्रत्यक्षात वाळू गेलेलीच नसेल. म्हणून दोन्ही टोके आणि मध्य अशा किमान तीन रेषा घ्याव्यात, आणि पुळण लांब असेल तर दर दीडशे-दोनशे मीटरला एक. मोजणी वर्षातून चार वेळा, म्हणजे मे अखेर, सप्टेंबर अखेर, डिसेंबर आणि मार्चमध्ये करावी. दोन पावसाळ्यांच्या नोंदीखेरीज कोणताही ठाम निष्कर्ष काढू नये. तीन असतील तर उत्तम.

एकाच रेषेच्या दोन वर्षांच्या नोंदी आलेखकागदावर एकावर एक काढल्या की त्यांमधले क्षेत्रफळ चौकोन मोजून काढता येते, आणि ते चौरस मीटरचे क्षेत्रफळ म्हणजेच किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे गेलेली घनमीटर वाळू. उदाहरणादाखल, सरासरी 20 घनमीटर गेली आणि पुळण 800 मीटर लांब असेल, तर गेलेली वाळू 16,000 घनमीटर भरते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. या हिशेबाने ती सुमारे 5,650 ब्रास होते आणि दोन ब्रासच्या डंपरने आणायची तर जवळपास 2,800 फेऱ्या लागतात. हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवला की चर्चा लगेच जमिनीवर येते.

वाळू कुठे जाते याचा ताळेबंद

किनाऱ्याचा हिशेब जमाखर्चासारखा मांडावा. जमेच्या बाजूला नद्या-खाड्यांतून येणारी वाळू, शेजारच्या पुळणीवरून सरकत येणारी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असतो. खर्चाच्या बाजूला किनाऱ्याने पुढे सरकून जाणारी, खोल पाण्यात उतरणारी, वाऱ्याने आत उडणारी आणि माणसाने उचललेली वाळू असते. आपल्या खाड्यांत हातपाटीने होणारा उपसा मर्यादित होता; सक्शन पंपांनी होणारा उपसा त्या मानाने फार मोठा आहे, आणि वरच्या अंगाला धरण बांधले गेले असेल तर वाळू मुळातच खाली येत नाही. अशा ठिकाणी उपसा चालू ठेवून किनाऱ्यावर भर घालणे म्हणजे सार्वजनिक पैसा समुद्रात टाकणे आहे, हे स्पष्ट लिहायला हवे.

बांधकामाचा परिणाम सर्वांत लवकर ओळखता येतो. पुदुच्चेरीचे उदाहरण प्रत्येक किनारी गावाने अभ्यासावे. पूर्व किनाऱ्यावर वर्षभरात वाळू एकूण उत्तरेकडे सरकते. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बंदरासाठी समुद्रात लाटारोधक बांध घातले गेले आणि हा प्रवाह अडला. बांधाच्या दक्षिणेला वाळू साठत गेली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. मग शहर वाचवण्यासाठी दगड टाकले गेले, आणि धूप आणखी उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. आपल्याकडे वाळू सरकण्याची दिशा ऋतूनुसार बदलते, त्यामुळे चित्र इतके सरळ नसते. तरीही नवा धक्का किंवा बांध झाल्यावर त्याच्या एका बाजूला भर आणि दुसऱ्या बाजूला खच दिसत असेल, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या तीन रेषांपैकी एक बांधाच्या अलीकडे आणि एक पलीकडे असावी.

किती वाळू लागेल आणि कशी लागेल

गेली तेवढी वाळू आणली की काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात पुळण पाण्याखालीही पसरलेली असते. वर टाकलेली वाळू लाटा खाली पसरवतात, आणि जिथपर्यंत लाटा तळाची वाळू हलवू शकतात तिथपर्यंतचा सगळा उतार भरावा लागतो. अंदाजासाठी पुळणीच्या माथ्याची उंची आणि ही खोली यांची बेरीज करून तिला हव्या असलेल्या रुंदीने गुणावे. माथा दोन मीटर आणि खोली सहा मीटर धरली, तर पुळण 20 मीटर रुंद करण्यासाठी प्रत्येक मीटर लांबीमागे 160 घनमीटर, म्हणजे 800 मीटरच्या पुळणीला 1,28,000 घनमीटर वाळू लागेल. ही खोली प्रत्यक्षात किती आहे हे अभियंत्यांनीच ठरवावे लागते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा किनारी कामांचा अभ्यास होतो, आणि गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

वाळूची जात प्रमाणाइतकीच महत्त्वाची आहे. आणलेली वाळू मूळ वाळूइतकीच किंवा किंचित जाड असावी; बारीक असेल तर ती अधिक सपाट उतार घेते आणि पहिल्याच पावसाळ्यात खोल पाण्यात जाते. भरतीची रेषा, मधला उतार आणि ओहोटीची रेषा अशा तीन ठिकाणांहून मूळ वाळूचे नमुने घेऊन ते प्रयोगशाळेत चाळून घ्यावेत आणि आणायच्या वाळूचेही तसेच करावे. गाळाचा अंदाज मात्र गावातच घेता येतो. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून जोराने हलवावे व ठेवून द्यावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, आणि त्यानंतरही पाणी बराच वेळ गढूळ राहिले तर त्या वाळूत गाळ आहे. असा गाळ किनाऱ्याजवळच्या शिंपल्यांना आणि खडकांवरील जीवांना गुदमरवतो. रंगाकडेही दुर्लक्ष करू नये. रत्नागिरीजवळच्या काही पुळणींत इल्मेनाइटची काळी, जड वाळू आहे; काळी वाळू अधिक तापते, आणि कासवांच्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. म्हणून फिकट पुळणीवर गडद वाळू आणून टाकू नये.

वाळू आणायची कुठून, हा सर्वांत वादाचा प्रश्न आहे. शेजारच्या पुळणीवरून किंवा मागच्या वाळूच्या टेकड्या कापून ती कधीही आणू नये. खाडीच्या मुखात होड्यांचा मार्ग मोकळा करण्यासाठी गाळ उपसला जातो, त्यात स्वच्छ वाळू असेल तर ती खोल समुद्रात न टाकता त्याच किनाऱ्यावर टाकावी, असा आग्रह धरणे सर्वांत शहाणपणाचे आहे. विशाखापट्टणम येथे बंदरापाशी अडकलेली वाळू ड्रेजरने काढून शहराच्या रामकृष्ण किनाऱ्यासाठी वापरण्याची पद्धत अनेक वर्षांपासून आहे. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाजवळ 2001 पासून समुद्रात शिरलेल्या लांब जेटीवरील पंप अडकणारी वाळू ओढून घेतात आणि नळाने नदीपलीकडच्या किनाऱ्यांवर सोडतात. नदीमुखाच्या बांधांमुळे तुटलेला वाळूचा प्रवास त्यामुळे पुन्हा जोडला गेला. तिथे सुरुवातीच्या वर्षांत इतकी वाळू गेली की किर्रा येथील पुळण नको तितकी रुंद झाली आणि पाण्याखालचा खडक झाकला गेला. भर कमी पडण्याइतकीच ती जास्त होण्याचीही काळजी घ्यावी लागते.

वाळू टाकण्याच्या रीती

लहान कामात डंपरने आणलेली वाळू बुलडोझरने पसरतात. मोठ्या कामात ड्रेजर समुद्रतळावरची वाळू पाण्यासह शोषून नळाने किनाऱ्यावर सोडतो, किंवा जहाजाच्या पुढच्या टोकावरून उंच फवारा मारून उथळ पाण्यात टाकतो. तिसरी रीत म्हणजे वाळू पुळणीवर न टाकता थोड्या खोल पाण्यात लांबट ढिगाऱ्याच्या रूपात ठेवणे. शांत हंगामात लाटा ती स्वतःच वर आणतात. ही रीत स्वस्त पडते आणि पुळणीवरच्या जीवांना कमी त्रास देते, पण परिणाम दिसायला वेळ लागतो, याची कल्पना लोकांना आधी द्यावी.

नेदरलँड्सने ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. 2011 मध्ये हेग शहराच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा आकडीसारखा भूभाग उभारला गेला, ज्याला तिथे वाळूचे इंजिन म्हणतात. वारा, लाटा आणि प्रवाह यांनीच ती वाळू दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांवर वाटावी, ही त्यामागची योजना. कोकणातल्या सड्यांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणींना असे काम लागू पडत नाही. मात्र आपल्या पुळणींना एक नैसर्गिक लाभ आहे. उघड्या, सरळ किनाऱ्यावर टाकलेली भर दोन्ही टोकांकडून पसरत नाहीशी होते, आणि म्हणूनच तिथे भरीची लांबी दुप्पट केली तर तिचे आयुष्य सुमारे चौपट होते. दोन सड्यांमधल्या पुळणीत टोके बंदच असतात, त्यामुळे तुलनेने थोडी वाळूही टिकू शकते.

काही ठिकाणी भरीसोबत लाटांचा जोर कमी करणारी रचना लागते. पुदुच्चेरीत 2018 मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला गेला, बंदराच्या उपशातली वाळूही उपयोगात आली, आणि शहरासमोर पुन्हा पुळण दिसू लागली. अशी रचना गावाने स्वतः सुचवू नये. तिचा परिणाम शेजारच्या किनाऱ्यावर होतो आणि त्यासाठी लाटांचा स्वतंत्र अभ्यास लागतो.

परवानगी, हंगाम आणि कासवे

18 जानेवारी 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा अतिसंवेदनशील मानल्या आहेत. धूप रोखण्याच्या कामाला परवानगी मिळू शकते, पण प्रस्ताव महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावा लागतो. गोव्यात त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. बंदर आणि जलमार्गाशी संबंधित बाबतीत महाराष्ट्र सागरी मंडळाशी बोलणे आवश्यक ठरते. प्रस्तावाला आपल्या मोजणीच्या वह्या, आलेख आणि एकाच जागेवरून काढलेले दिनांकित फोटो जोडावेत.

हंगाम निवडणे अवघड आहे. पावसाळ्यात काम होत नाही, आणि वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालू लागतात आणि पिले मेपर्यंत बाहेर पडत असतात. म्हणून पुळणीवरचे काम ऑक्टोबरमध्ये सुरू करून लवकर संपवावे. मेमध्ये टाकलेली वाळू स्थिरावण्याआधीच पावसाळ्याच्या तोंडी सापडते, त्यामुळे केवळ आर्थिक वर्षाअखेरीचा निधी संपवण्यासाठी उन्हाळ्यात घाईने भर घालण्यास ग्रामसभेने ठाम नकार द्यावा. यंत्रांनी दाबून कडक झालेली वाळू कासवाला उकरता येत नाही; ती नंतर नांगरून मोकळी करावी आणि पाण्याच्या कडेला तयार झालेली उभी पायरी मोडून उतार सपाट करावा. रापणीची जागा, होड्या ओढण्याची वाट आणि शिंपल्या गोळा करण्याचे पट्टे नकाशावर आधी दाखवावेत. या जागा ठरवण्याचा अधिकार त्यांवर पोट असणाऱ्या स्त्री-पुरुषांचा आहे.

मागची टेकडी उभी करणे

पुळणीमागची वाळूची टेकडी हा किनाऱ्याचा राखीव साठा असतो. वादळात समुद्र तिच्यातली वाळू घेतो आणि नंतर वारा ती पुन्हा भरतो. कोरड्या महिन्यांत दुपारनंतर वारा जोरात वाहतो तेव्हा वाळू अडवण्यासाठी बांबू आणि नारळाच्या झावळ्यांचे सुमारे मीटरभर उंचीचे कूड वाऱ्याला आडवे बांधावेत. कूड घट्ट न विणता निम्मा उघडा ठेवावा, कारण पूर्ण बंद कुडाच्या पायथ्याशी वाळू उलट उकरली जाते. पहिल्या सरींबरोबर मर्यादवेलीचे तुकडे लावावेत; ती खाऱ्या वाऱ्यात आणि सरकत्या वाळूत टिकते आणि वाळूखाली गाडली गेली तरी वर येते. पुढच्या ओळीत सुरू लावण्याचा मोह टाळावा. त्याच्या दाट सावलीत आणि पडलेल्या काड्यांच्या थरात वेल वाढत नाही, आणि वाळू कापली गेली की उथळ मुळांचे हे झाड सहज आडवे होते. लोकांना ये-जा करण्यासाठी ठरावीक वाटा ठेवून बाकीच्या टेकडीवर वाहने येऊ देऊ नयेत.

भर घातल्यानंतर

काम संपल्याच्या दिवशी पुळण सर्वांत रुंद दिसते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ती बरीच अरुंद होते. ही रुंदी निम्म्यावर आली तरी काम फसले असे समजू नये, कारण वाळूचा बराचसा भाग पाण्याखालच्या उतारात गेलेला असतो. हे गावकऱ्यांना आधीच सांगितले नाही, तर पहिल्या सप्टेंबरमध्ये योजनेवरचा विश्वास उडतो. काठ्यांची मोजणी त्याच रेषांवर, त्याच महिन्यांत चालू ठेवावी आणि शक्य असेल तर होडीतून वजन बांधलेल्या दोरीने पाण्याखालचा उतारही मोजावा.

भर ही एकदाच करायची गोष्ट नाही. नेदरलँड्सने 1990 मध्ये आपल्या किनाऱ्याची एक आधाररेषा ठरवली आणि किनारा तिच्या मागे जाऊ लागला की तिथे वाळू टाकण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून तिथे दर वर्षी कुठे ना कुठे भर घातली जाते. गावानेही आपली रेषा ठरवावी. मार्चच्या मोजणीत पक्क्या खुणेपासून भरतीच्या रेषेपर्यंतची रुंदी किती मीटरच्या खाली गेली की नवी भर मागायची, हा आकडा ग्रामसभेच्या ठरावात लिहावा, आणि मोजणीची वही शाळेत किंवा सोसायटीत अशा व्यक्तीकडे सोपवावी जिची बदली होणार नाही.